एक रुग्ण, चार विद्याशाखा : सोलापुरात एकत्रित सत्र कसे उभे करावे

एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीचे विद्यार्थी एका सभागृहात बसवून व्याख्यान दिले, तर ते आंतरव्यावसायिक शिक्षण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यानुसार वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचे असते. व्याख्यानात 'एकमेकांकडून' हा भाग राहूनच जातो.

पहिली अडचण येते वेळापत्रकाची. परीक्षा आणि वॉर्डातल्या पोस्टिंग सगळ्यांच्या वेगळ्या. म्हणून महिन्यातून एक दुपार, दोन तास, असे वर्ष सुरू होण्यापूर्वीच चारही प्राचार्यांकडून लेखी ठरवून घ्या. आषाढी वारीचे दिवस टाळा. तेव्हा जिल्ह्यातले आरोग्य मनुष्यबळ पंढरपुरात गुंतलेले असते.

गट आठ जणांचा, प्रत्येक शाखेचे दोन. एमबीबीएसचे विद्यार्थी संख्येने जास्त म्हणून गटात पाच घेतले, की बाकीचे प्रेक्षक होतात. उरलेल्यांसाठी सत्र पुन्हा घ्या.

खरी मेहनत केस लिहिण्यात आहे. एकट्या शाखेला सुटेल अशी केस निरुपयोगी. आपल्याकडची एक घ्या : पूर्व भागातली पन्नाशीची विडी कामगार, घरी तेलुगू बोलणारी, फुफ्फुसाचा क्षयरोग, आधीपासून मधुमेह. उपचार सुरू झाल्यावर साखर वाढली आहे. प्रत्येक शाखेला वेगळी चिठ्ठी द्या. वैद्यकीयकडे थुंकीचा आणि साखरेचा अहवाल. फार्मसीकडे औषधांची यादी : मधुमेहाचे ग्लिमेपिराइड चालू आहे आणि क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे त्याचा परिणाम घटतो. नर्सिंगकडे, मळमळीमुळे ती क्षयाच्या गोळ्या दिवसाआड घेते ही माहिती. फिजिओथेरपीकडे, तासन्‌तास वाकून बसल्याने मान-पाठ दुखते आणि जिना चढताना दम लागतो, ही नोंद. चिठ्ठ्या वाचायला दहा मिनिटे, एकत्र उपचार योजना करायला पन्नास. तेलुगू येणारा विद्यार्थी असेल तर त्याला रुग्ण करा. दुभाष्याविना प्रश्न विचारताना काय निसटते ते लगेच दिसते.

उरलेला तास चर्चेला ठेवा. इथेच सत्रे फसतात, कारण वेळ संपत आला की हाच भाग कापला जातो. दोन मार्गदर्शक हवेत, दोघे वेगळ्या शाखांचे. डॉक्टर मार्गदर्शकाने आधी उत्तर दिले, की नर्सिंगची मुले गप्प बसतात, म्हणून पहिला शब्द त्यांना, आणि "तुमच्याकडची कोणती माहिती इतरांनी विचारलीच नाही?" हा प्रश्न सगळ्यांना. शेवटी प्रत्येकाने ही रुग्ण पुढच्या पाळीला सोपवायची : स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, शिफारस. दोन मिनिटांत.

अंतर्गत मूल्यमापनात याला थोडे तरी गुण हवेतच, नाहीतर तिसऱ्या सत्राला खुर्च्या रिकाम्या. पण फक्त प्रश्नावली भरून घेऊ नका. त्यातून मत कळते, वागणूक नाही. तीन आठवड्यांनी वॉर्डात जा आणि तेच विद्यार्थी पाळी बदलताना सिस्टरांना काही विचारतात का, ते पाहून नोंदवा.