घरातल्या गोष्टीचं चित्रपुस्तक कसं करावं

आमच्या लेकाला कुकरच्या शिट्टीची फार भीती वाटायची. म्हणून रोज रात्री मी त्याला मनी मांजरीची गोष्ट सांगू लागले. शिट्टी झाली की मनी धूम ठोकायची. चार-पाच दिवसांत तोच मला पुढचं वाक्य सांगायला लागला. तुमच्याही घरात अशी रोज मागितली जाणारी एखादी गोष्ट असेलच. नवा विषय शोधत बसू नका, तीच घ्या.

मूल ऐकत असतानाच ती मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहायला बसलं की आपली भाषा पाठ्यपुस्तकी होते. 'मांजर भयभीत झाले' असं घरात कोण बोलतं? रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवा, मग छाटा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चार-पाचशे शब्द खूप झाले.

आता डमी, म्हणजे पुस्तकाचा हातानं केलेला कच्चा नमुना. माझ्या मते पुस्तक खरं इथेच घडतं, त्यामुळे घाई नको. ए-4 आकाराचे आठ कोरे कागद एकत्र ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. 32 पानं झाली. छोट्या गोष्टीला चार कागद, म्हणजे 16 पानं पुरतात. अशा पिनांच्या पुस्तकात दुमडलेल्या प्रत्येक कागदाची चार पानं होतात, म्हणून पानं चारच्या पटीतच ठेवावी लागतात. पहिलं पान शीर्षकाला, दुसरं नावं-हक्क वगैरेंना सोडा. मग साध्या रेघांची चित्रं काढत मजकूर पानांवर वाटा. विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं. प्रश्न तिथे ठेवा, उत्तर पान उलटल्यावर.

डमी वाचून दाखवताना मुलाच्या हाताकडे लक्ष ठेवा. माझ्या पहिल्या डमीत 'मनी घाबरून कपाटाखाली लपली' असं लिहिलं होतं आणि चित्रही तेच होतं. लेकाचा हात मांडीवरच राहिला. दुसऱ्या डमीत उजव्या पानावर फक्त 'मनी कुठे गेली?' एवढंच ठेवलं. त्यानं स्वतःच पान उलटलं. तिथे कपाट, आणि खालून डोकावणारं शेपटीचं टोक. शब्द एकही नाही. टोकावर बोट ठेवून तो ओरडला, "ही काय मनी!" तेव्हापासून चित्रात दिसतं ते मी मजकुरातून काढूनच टाकते.

रंगवण्याआधी मुख्य पात्र एका कागदावर समोरून, बाजूनं, पाठमोरं, बसलेलं, पळणारं असं काढून ठेवा. नाहीतर दहाव्या पानावर कानावरचा ठिपका दुसऱ्या कानावर जातो. चित्रकला शिकलेली नसली तरी चालेल. जलरंग, खडू, कातरलेले कागद, हाताच्या सवयीचं जे असेल ते घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. रंग कडेपर्यंत असेल तर तीन मिलिमीटर बाहेर न्या, कारण छपाईनंतर कडा कापल्या जातात. चेहरे मधल्या घडीवर नकोत. चित्रं 300 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) स्कॅन करा.

ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं आधी ग्रंथालयात चाळा, मग कुठे पाठवायचं ते ठरवा. मूळ चित्रं कधीही पाठवू नका. डमीची पीडीएफ आणि दोन-तीन पूर्ण रंगवलेली पानं पुरेत. करारात मजकुराचे आणि चित्रांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. सगळी छपाई करण्याआधी एकच प्रत काढून घ्या. मधलं पान उघडून पिनांवरून बोट फिरवा. टोकं जरा जरी टोचली तर प्रेसला तिथल्या तिथे सांगा.