मांजराला कच्च्या मांसावर आणायचंय? आधी वजनकाटा घ्या

मांजर म्हणजे शिकारी जात, कच्चं चिकन समोर ठेवलं की ते तुटून पडणारच, असं वाटतं. प्रत्यक्षात विकतच्या कोरड्या दाण्यांवर (कॅट फूड) वाढलेलं मांजर ताजा खिमा हुंगतं, शेजारची फरशी पंजाने खरवडून तो ‘पुरतं’ आणि शेपटी वर करून निघून जातं. आणि जे पहिल्याच दिवशी ताव मारतं, त्याच्या बाबतीत चूक वेगळी होते. रोज बोनलेस आणून घातलं जातं आणि पुढे पिल्लाचे पाय वाकतात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. उंदीर खाणारं मांजर हाडं, काळीज, रक्त सगळंच खातं. ती बेरीज आता आपल्याला ताटलीत जुळवायची आहे.

सुरुवात पशुवैद्यांकडून करा. वजन आणि रक्ततपासणी (किडनी, लिव्हर) करून घ्या. किडनीचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या, स्टेरॉइड चालू असलेल्या मांजराला आणि लहान पिल्लांना कच्चं नको. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, केमो चालू असलेलं किंवा फार वयस्क माणूस असेल तरीही नको. अमेरिकेतली पशुवैद्यांची संघटना २०१२ पासून कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला देते. कारण कच्च्या मांसातला साल्मोनेला हा जिवाणू मांजराला पचला तरी त्याच्या जिभेवरून आणि विष्ठेतून घरात पसरतो. त्यात बर्ड फ्लू. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच दगावले. हा विषाणू फ्रीझरमध्ये मरत नाही. त्यामुळे कोंबड्यांत साथ असल्याची बातमी आली की खाली दिलेल्या प्रमाणाचाच खिमा आतपर्यंत शिजवून घाला. त्यात कमीपणा काही नाही. हिशोब बरोबर असेल तर कच्चं की शिजलेलं हा दुय्यम प्रश्न आहे.

आता बाजार. मटण महाग, कोल्हापुरात तर त्याच्या दरावरून २०१९ मध्ये आंदोलन झालं होतं. म्हणून रोजचा खुराक चिकनवरच बसवा. मटण अधूनमधून. दुकानात एक घोळ हमखास होतो. ‘काळीज’ मागितलं की मिळते कलेजी, म्हणजे लिव्हर. आपल्याला जास्त हवं ते हृदय. ‘दिल वेगळं काढून द्या’ असं स्पष्ट सांगा, कारण बऱ्याचदा ते कलेजीला चिकटूनच येतं. हा फरक किरकोळ नाही. हृदयात टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल) भरपूर असतं. ते कमी पडलं तर मांजराच्या हृदयाचा स्नायू सैल पडतो आणि दृष्टी जाते. उलट कलेजी रोज जास्त गेली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं आखडतात.

एक किलोचं प्रमाण असं: बोनलेस लेग ८०० ग्रॅम (ब्रेस्ट नको, त्यात टॉरिन कमी), दिल १५० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम. त्यात अंड्याच्या टरफलाची पूड ६ ग्रॅम, टॉरिन २ ग्रॅम, एक अंड्याचा बलक, २०० मिलिग्रॅमची ‘ई’ जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल फोडून, बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी कुटून, १ ग्रॅमच्या फिश ऑइलच्या दोन कॅप्सूल, पाव चमचा आयोडीनचं मीठ आणि दीडशे मिली पाणी. कॉड लिव्हर ऑइल वापरू नका, त्यात पुन्हा ‘अ’ जीवनसत्त्व येतं. टॉरिन जिमच्या सप्लिमेंटच्या दुकानात मिळतं. रंग-चव नसलेलं, निव्वळ टॉरिनच घ्या.

टरफलं पाच मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळा. कणी राहिली तर न पचता बाहेर पडते. चमच्याने अंदाज करू नका. पूड किती बारीक आहे त्यावर चमच्यातलं वजन बदलतं. ग्रॅमचा काटा हवाच. मांस शिजवणार असाल तर सुटलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. पूरक गोष्टी खिमा गार झाल्यावर घाला. शिजवलेलं हाड मात्र कधीच देऊ नका, त्याच्या फाका होतात आणि आतड्यात रुततात. हे प्रमाण सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी ठीक आहे. झिंक, मँगनीज आणि ‘ड’ जीवनसत्त्व यात कमीच पडतं. कायमचं करायचं तर पशुवैद्यांकडून मिश्रण ठरवून घ्या.

बदल करताना आधी वेळ बदला, अन्न नंतर. दिवसभर भरलेली दाण्यांची वाटी उचला. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा तास ठेवा, मग काढून घ्या. आठवड्याभरात पोटाला वेळ कळते. पुढचा आठवडा दाण्यांऐवजी पाऊचमधलं ओलं अन्न. दाण्याच्या कुरकुरीतपणावरून थेट मऊ खिम्यावर उडी बहुतेक मांजरं मारत नाहीत. मग त्या ओल्या अन्नात एक चमचा खिमा कालवा. दोन-तीन दिवसांनी दोन चमचे. निम्म्यावर आल्यावर गाडी अडते. अडू द्या, तिथेच आठवडा काढा. वर दाण्यांची चिमूटभर पूड भुरभुरली की बरेच हट्टी बोके वळतात. एकूण तीन ते सहा आठवडे, जिद्दी मांजराला तीन महिनेही.

फ्रीजमधला गार खिमा बरीच मांजरं खात नाहीत, खाल्ला तर कधी ओकतात. पिशवी पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण १२० ग्रॅम पुरतात.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट इथे घातक आहे. चोवीस तास काहीच पोटात गेलं नाही तर मुकाट्याने जुनं अन्न द्या. तेही नाकारलं तर दवाखाना. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

घरच्या रश्श्याचा मोह आवरा. तांबडा कुणी देत नाही, पण ‘तिखट नाही’ म्हणून पांढरा किंवा अळणी वाटीत ओतला जातो. त्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पंचगंगेचे मासेही कच्चे नकोत. गोड्या पाण्यातल्या काही माशांत थायमिन (‘बी-१’ जीवनसत्त्व) नष्ट करणारं एन्झाइम असतं. मान खाली लोंबली, चाल डुलायला लागली तर ते थायमिन कमी पडल्याचं लक्षण असू शकतं.

चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. पाट-सुरी वेगळी ठेवा. खिम्याचे दिवसाच्या मापाचे पुडे करून गोठवा. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे अठरा अंशांपर्यंत क्वचितच पोहोचतो, त्यात आठवड्यापुरतंच ठेवा. पुडा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा, दोन दिवसांत संपवा. लाईट जाऊन पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवू नका. ताटलीतलं उरलेलं अर्ध्या तासात उचला. एप्रिल-मेमध्ये त्याहूनही लवकर.

मांजर पाणी कमी प्यायला लागेल, घाबरू नका. दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, मांसात सत्तर. शीही थोडी, घट्ट आणि कमी वासाची होते. पांढरट, खडूसारखी भुगा होणारी शी म्हणजे टरफलाची पूड जास्त झाली. पातळ झाली तर एक पायरी मागे या. दर रविवारी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. सलग दोन आठवडे शंभर-शंभर ग्रॅम घटलं तर बदल थांबवून पशुवैद्यांना दाखवा.