किती दिसायचं, कुणाला दिसायचं

नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीला एक सल्ला हमखास मिळतो: "दिसत राहा." सल्ला चुकीचा नाही. काम कुणाला ठाऊकच नसेल तर शिफारस कोण करणार? पण जिचं आडनाव, उच्चार, अपंगत्व किंवा लिंगओळख आधीच सगळ्यांच्या नजरेत भरते, ती न बोलताही दिसतेच. मागे राहतं ते तिचं काम.

मी काम आणि आयुष्य यांचे दोन वेगळे हिशेब ठेवते. काम जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं बरं. आयुष्यातलं काय, कुणाला, कधी सांगायचं ते मी ठरवते, आणि "आत्ता नाही" म्हणताना कारण देत बसत नाही.

अमेरिकी संगणक-अभियंत्या लिन कॉनवे यांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. आपण ट्रान्स स्त्री आहोत आणि लिंगबदल करणार आहोत हे सांगितल्यावर 1968 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीने त्यांना काढून टाकलं. त्यांनी नव्या नावाने पुन्हा खालून सुरुवात केली आणि कार्व्हर मीड या प्राध्यापकांसोबत चिप-डिझाइन शिकवण्याची रीतच बदलून टाकली. कामाने नाव झालं, भूतकाळ मात्र बंद राहिला. संगणक-इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या जुन्या कामापर्यंत पोचू लागले, तेव्हा 1999 च्या सुमारास त्यांनी आपली गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. आयबीएमने माफी मागितली ती 2020 मध्ये. इतकी वर्षं गुपित सांभाळणं फुकट होत नाही, हेही लक्षात ठेवा. लपवणं आणि सांगणं, दोन्हींची किंमत असते; कोणती परवडते ते ज्याचं त्यालाच कळतं.

रोजच्या कामात कस लागतो तो निमंत्रणांच्या वेळी. विषयावर बोलायला कुणी बोलावण्याआधीच "तुमचा प्रवास सांगा" अशी बोलावणी यायला लागतात. मी आयोजकांना सरळ विचारते: माझं कोणतं काम बघून बोलावताय? बाकीचे वक्ते कशावर बोलणार? मानधन सगळ्यांना सारखंच का? रेकॉर्डिंग कुठे टाकणार, आणि मी म्हटलं तर काढाल का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर त्यांना फोटोत एक चेहरा कमी पडतोय असं खुशाल समजा. तरी जायचं असेल तर जा, पण विषयावर बोला. परिचय स्वतः लिहून पाठवा. नाहीतर "संघर्षातून वर आलेल्या" हे शेपूट नावाला चिकटतंच.

संस्थेतल्या विविधता समित्यांचंही तसंच, तिथेही आधी आपल्यालाच बसवतात. अमाडो पाडिया या मानसशास्त्रज्ञाने 1994 मध्ये अल्पसंख्याक प्राध्यापकांवर पडणाऱ्या अशा जादा कामाला "सांस्कृतिक कर" म्हटलं होतं. समितीवर जायचं तर मूल्यमापनात ते काम कुठे धरणार, हे वरिष्ठांकडून ई-मेलवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन वर्षअखेरीस कुणालाच आठवत नाही.

तांत्रिक बाजू सोपी आहे, एका बैठकीत उरकते. लिंक्डइनवर फोटो आणि ओळखीच्यांची यादी कुणाला दिसावी ते ठरवता येतं. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटवर, खरा ई-मेल झाकणारा नोरिप्लाय पत्ता मिळतो. तो पहिल्या कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) आधीच लावा, कारण जुन्या कमिटमधला पत्ता इतिहासात राहतो. संशोधनात असाल तर ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, 16 अंकी क्रमांक घ्या. लग्न, घटस्फोट, लिंगबदल, आडनाव टाकणं, काहीही झालं तरी तो बदलत नाही, त्यामुळे नाव बदललं म्हणून जुने लेख हातचे जात नाहीत. तिथे प्रत्येक नोंद सगळ्यांना, फक्त विश्वासातल्या संस्थांना की फक्त स्वतःला दिसावी हेही निवडता येतं.

आणि जाहीरपणे बोलणारच असाल तर आधी एका भरवशाच्या मैत्रिणीला सांगून ठेवा. शिवीगाळ सुरू झाली तर संदेश तिने वाचावेत, तुम्ही नाही. ब्लॉक करण्याआधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट तिनेच काढावेत. तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतात.