केमो चालू असताना पाय सांभाळायचे कसे

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीची पहिली स्ट्रिप घरात आली की आधी जोडवी काढून ठेवा. हे सांगितलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जणू मी भलतंच अशुभ बोलले. सुदामानगरातल्या एक आजी तर म्हणाल्या, "अहो सिस्टर, हे समोर बसलेत ना माझे!" ते बिचारे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काढ गं, बोट सुजलं तर सोनाराकडून कापून घ्यावी लागतील." तेव्हा कुठे काढली.

मी इंदूरमधल्या एका केमो डे-केअरमध्ये सिस्टर होते. आता घरी असते, पण ओळखीतल्या कुणाला केमो लागली की फोन येतोच. केस, उलट्या, काय खायचं, हे सगळं विचारून होतं. पायांचा विषय मात्र मलाच काढावा लागतो. डॉक्टरांची जागा मी घेत नाही. त्यांच्या दारात वेळेवर कसं पोचायचं आणि घरी काय करायचं, काय टाळायचं, तेवढं सांगते.

कॅपेसिटाबिन ही आतड्याच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिली जाणारी गोळी. बहुतेकांना १४ दिवस सकाळ-संध्याकाळ आणि मग ७ दिवस सुट्टी अशी असते, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. शरीरात गेल्यावर तिचं ५-एफयू नावाचं औषध बनतं, आणि त्याचा एक ठरलेला त्रास म्हणजे हँड-फूट सिंड्रोम. तळहात-तळपाय आधी झिणझिणतात, मग लाल होतात, चुरचुरतात. पुढे साल निघते, भेगा पडतात, फोड येतात. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन या सलाइनमधून जाणाऱ्या औषधानेही असंच होतं. सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिब या टार्गेटेड, म्हणजे ठरावीक लक्ष्यावर काम करणाऱ्या, गोळ्यांचं जरा वेगळं: तिथे टाच आणि चवड्याखाली, म्हणजे जिथे शरीराचा भार येतो तिथे, जाड दुखरे घट्टे येतात, आणि तेही बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून या गोळ्या सुरू व्हायच्या आधीच जुनी कुरुपं आणि टाचेची जाड कातडी डॉक्टरांना दाखवून घ्या. घरी ब्लेडने तासू नका आणि मेडिकलमधली कुरुपाची पट्टीही लावू नका. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं.

आता काशाच्या वाटीचं. आपल्या मराठी घरांत पाय जळजळले की "उष्णता झाली" म्हणून तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासायची पद्धत. सासूबाई प्रेमाने घासतात, लेक घासते, वाटी काळी होते आणि सगळ्यांना वाटतं उष्णता निघाली. एरवी खुशाल घासा. पण कॅपेसिटाबिनवर असताना नको, कारण हा त्रास नेमका घर्षणाने आणि दाबाने वाढतो. हाच नियम पोळ्यांना लागू: लाटणं दाबून धरायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. कपडे पिळणं, फरशी घासणं, तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहणं, संध्याकाळचा लांबचा वॉक, हे सगळं त्यातच आलं. भाजी बसून चिरा. चाला, पण थोडं थोडं.

घासण्याऐवजी हे करा. आंघोळ कोमट पाण्याने, तीही लवकर आटपायची. पाय पुसताना टॉवेल फिरवायचा नाही, नुसता टिपायचा, आणि बोटांच्या बेचक्यांतून जास्त काळजीने. मग क्रीम, बेचक्या सोडून. कुठलं? जर्मनीत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कॅपेसिटाबिनच्या रुग्णांत १० टक्के युरिया असलेलं क्रीम दुसऱ्या एका मलमाशी ताडून पाहिलं होतं. युरियाच्या गटात हँड-फूट सिंड्रोम २२.४ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के. मेडिकलवर "१० टक्के युरिया" असं सांगून मागा आणि पहिल्या गोळीच्या दिवसापासून दिवसातून तीनदा लावा. साल निघाल्यावर सुरू केलंत तर तेच क्रीम झोंबेल आणि तुम्ही डबी फेकून द्याल.

चप्पल हा माझा आवडता विषय, कारण इथे पैसे लागतात आणि माणसं नेमकी इथेच काटकसर करतात. अंगठ्याची चप्पल नको, तिचा पट्टा बोटांच्या मधली कातडी खातो. प्लॅस्टिकची तर नकोच. मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या, तळव्याची, मागे पट्टा असलेली, बोटांना ऐसपैस जागा असलेली घ्या, आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरात घालायला वेगळा जोड ठेवा. आत सुती मोजे, शिवण बोटांवर येणार नाही असे. आणि खजराण्याच्या गणपतीला जायचंच असेल तर पहाटे जा किंवा मोजे घालून जा. वैशाखातल्या दुपारची फरशी चांगल्या पायांनाही सोसत नाही. गणपती मोज्यांवरून रागावत नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते.

मेंदीबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तरी ऐका. मेंदीने या त्रासात बरं वाटल्याच्या काही लहान नोंदी छापून आलेल्या आहेत, खोटं कशाला बोलू. पण मेंदी किंवा अळिता लावला की लाली दिसतच नाही, आणि या आजारात आपली सगळी भिस्त लाली वेळेवर दिसण्यावर. बाजारातली काळी मेंदी तर अजिबात नको, तिच्यातल्या रसायनाने धडधाकट माणसालाही फोड येतात.

रोज रात्री दिव्याखाली तळपाय बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी मोबाइलवर फोटो काढायचा, रोज त्याच जागी, त्याच उजेडात. डॉक्टर त्याच्या पायऱ्या मोजतात. नुसती लाली, दुखत नाही, ही पहिली. साल, फोड, सूज आणि दुखणं, घरकाम अडायला लागलं, ही दुसरी. स्वतःची आंघोळ, कपडे, संडासला जाणंही जड झालं, ही तिसरी. दुसरी पायरी दिसली की त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. पुष्कळ रुग्ण लपवतात, कारण "डोस चुकला तर कॅन्सर वाढेल" ही भीती. गोळी काही दिवस थांबवणं आणि मग कमी मात्रेने पुन्हा देणं हा उपचाराचाच ठरलेला भाग आहे, डॉक्टरांना त्यात नवं काही नाही. फक्त ते ठरवायचं त्यांनी. आपण मनाने बंद करायची नाही आणि दात-ओठ खाऊन रेटायचीही नाही.

डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या जेलने हँड-फूट सिंड्रोम कमी होतो का, असं हल्ली सगळे विचारतात. ते खरं आहे, आणि आपल्याच देशातलं काम आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर चाचणी झाली, २०२४ साली ती प्रसिद्ध झाली. साधं १ टक्क्याचं जेल लावणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा त्रास ३.८ टक्के लोकांना झाला, औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. पण ती ट्यूब घरात पाठदुखीसाठी पडलेलीच असते, म्हणून सांगते: फुटलेल्या कातडीवर ते लावायचं नसतं, आणि किडनीचा, दम्याचा किंवा दुखण्याच्या गोळ्यांच्या अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको. किती, कुठे, किती आठवडे, हे फाइलवर लिहून घ्या. बी-६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, या त्रासासाठी वर्षानुवर्षं लिहून दिलं गेलं, आम्हीही वाटलं. पण औषध नसलेल्या गोळीशी ताडून पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही.

आता बधिरपणा. हा वेगळा आजार, पाय तेच. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, सिसप्लॅटिन, व्हिंक्रिस्टिन, बोर्टेझोमिब ही औषधं नसांना त्रास देतात आणि तो बोटांच्या टोकांपासून मोजा चढवावा तसा वर चढतो. लोक सांगतात, "कापसावर चालल्यासारखं वाटतं," किंवा "चप्पल निसटली ते कळलंच नाही." हे दुसरं वाक्य आलं की मी सावध होते.

घरी एक चाचणी करता येते, मधुमेहाच्या पायांसाठी इंग्लंडातल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी काढलेली. रुग्णाने डोळे मिटायचे. तुम्ही तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची, क्रम बदलत, एक-दोन सेकंद हलकेच शिवायची. दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि "आता कळलं का?" असं विचारायचंही नाही, कळलं की तोच सांगेल. सहापैकी दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर संवेदना कमी झाली आहे. तारीख घालून लिहून ठेवा आणि पुढच्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना दाखवा. सलाइन लागल्यावर सांगून उपयोग नाही.

बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. चटका बसतो आणि रुग्णाला कळत नाही, कळतं ते दुसऱ्या दिवशी फोड फुटून चादरीला पाणी लागल्यावर. पाणी कोपराने तपासा, तेही दुसऱ्या कुणी. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा, पायपुसणं काढून टाका. ब्रेक-क्लच नीट जाणवत नसेल तर कार चालवायची नाही. ऑक्झालिप्लॅटिनवाल्यांना गारवा वैरी: सलाइननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस फ्रिजमध्ये हात घालायचा नाही, थंडीत फरशीवर अनवाणी उतरायचं नाही, आणि इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी-कुल्फी विसरायची, नाहीतर घसा आवळल्यासारखा होतो. पॅक्लिटॅक्सेलचं मात्र उलट. त्यात सलाइन चालू असताना गोठवलेले हातमोजे-पायमोजे घालून बधिरपणा कमी होतो, असं जपानमधल्या क्योटोच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. म्हणून "शेजारच्या काकूंना बर्फ सांगितला होता" हे ऐकून घरी बर्फ लावू नका. औषध कोणतं ते आधी बघा.

नसांच्या गोळ्या हा मेडिकलवाल्याने हसत हसत हातात ठेवायचा प्रकार. स्ट्रिप उलटी करून वाचा. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन लिहिलं असेल तर परत करा. अमेरिकेत ४०९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, पॅक्लिटॅक्सेलसारख्या टॅक्सेन औषधांचा बधिरपणा त्याने कमी होण्याऐवजी वाढला होता. फॉलिक अ‍ॅसिड असेल आणि तुम्ही कॅपेसिटाबिनवर असाल, तरी थांबा, फोलेटने त्या गोळीचे दुष्परिणाम वाढू शकतात. नसांच्या दुखण्यावर चाचणीत उतरलेलं औषध म्हणजे ड्युलॉक्सेटिन. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं, ते दुखणं कमी करतं, आणि एकदम बंद करायचं नसतं. आणि हो, ऑक्झालिप्लॅटिन किंवा सिसप्लॅटिन संपल्यावरही काही महिने बधिरपणा वाढत जाऊ शकतो. घाबरू नका, पण कळवा.

घोट्याची सूज. दोन्ही पाय सारखे सुजले तर पुढच्या भेटीत सांगा, दम लागत असेल तर लगेच. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर त्या पायाला तेल-मालिश काही नाही, सरळ इमर्जन्सी: शिरेत गुठळी असू शकते आणि कॅन्सरमध्ये तिचा धोका वाढलेला असतो. नखाखाली पू किंवा वास, किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तरीही रात्र काढायची नाही.

शेवटचं, औषधाच्या चाचणीत भाग घ्यायच्या संमतीच्या कागदाबद्दल. वर सांगितलेले आकडे आले ते कुणीतरी सही करून चाचणीत भाग घेतला म्हणून. तुमच्यापुढेही तसा कागद येऊ शकतो. इंदूरकर चाचणीचं नाव काढलं की दचकतात, आणि त्याला कारण आहे: इथल्या औषध-चाचण्यांचा वाद देशभर गाजला आणि २०१२ साली इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यानंतर नियम कडक होत गेले, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. म्हणून पळू नका, विचारा. सीटीआरआय नंबर काय? सीटीआरआय ही औषध-चाचण्यांची, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सरकारी नोंदवही, २००७ पासूनची, इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. त्यात चाचणी कुठे चालू आहे आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का ते दिसतं. मला औषध मिळणार की नुसती दिसायला सारखी गोळी, आणि ते कोण ठरवणार? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट हा नियम कागदावर कुठे लिहिलाय? मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहणार ना? या शेवटच्याचं उत्तर "हो" असायलाच हवं.

कागद इंग्रजीत असेल तर सही करू नका. हिंदी मिळतोच, आणि तीच चाचणी मुंबई-पुण्यात चालू असेल तर मराठीही तयार असतो, मागितला की येतो. घरी नेऊन वाचा. सही झाल्यावर तुमची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, कारण रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना तुम्ही कुठल्या चाचणीत आहात आणि फोन कुणाला करायचा ते त्या कागदावरूनच कळतं.