छोट्या तळ्यात आणि ओढ्यात हलक्या काठीने बास कसा पकडावा

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉक, सीडर पार्कच्या बाजूला राहणारी आपली मंडळी संध्याकाळी ब्रशी क्रीकच्या कडेने फिरायला जातात. राउंड रॉकला ज्यावरून नाव पडलं तो सपाट माथ्याचा गोल चुनखडीचा खडक याच ओढ्यात आहे. पायवाटेपासून दहा पावलांवर, मांडीभर पाण्यात बास मासा उभा असतो, हे मात्र फिरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. त्याला धरायला बोट लागत नाही, महागडं सामानही लागत नाही. हलकी काठी लागते आणि पाण्याजवळ दबक्या पावलांनी जायची अक्कल. ही दुसरी गोष्ट शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

मासा कोणता, ते आधी ओळखा

मध्य टेक्सासच्या या पाण्यात मुख्यतः दोन बास भेटतात. तळ्यात लार्जमाउथ. तोंड मिटलेलं असताना त्याच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागेपर्यंत जातं. वाहत्या ओढ्यात ग्वाडालुपे बास. त्याचा जबडा डोळ्यापलीकडे जात नाही आणि अंगावर शंकरपाळ्यांच्या आकाराचे गडद डाग असतात. हा मूळचा टेक्सासचाच, जगात दुसरीकडे कुठे नाही. १९८९ पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे.

गावाकडे कधी मरळ गळाला लावली असेल, तर बासचा स्वभाव वेगळा समजून घ्यायला नको. तसाच गवताआड दबा धरणारा, बेडूक दिसला की झेपावणारा आणि अंडी-पिल्लांची राखण करणारा. बासमध्ये हे राखणीचं काम नर करतो.

लायसन्स

वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर टेक्सासमध्ये मासेमारीचं लायसन्स लागतं. ते ऑनलाइन मिळतं. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या हातात काठी द्यायची असेल, तर त्यांना मॅकिनी फॉल्स स्टेट पार्कला न्या. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासे धरायला लायसन्सची गरज नसते, फक्त पार्कचं प्रवेशशुल्क भरायचं. सोसायटीच्या तळ्यावर मात्र आधी विचारून घ्या.

लार्जमाउथ घरी न्यायचा तर तो सर्वसाधारणपणे १४ इंचांचा तरी हवा, आणि सगळ्या जातींचे मिळून दिवसाला पाचच बास ठेवता येतात. काही तलावांचे नियम वेगळे आहेत, ते निघण्याआधी पाहून घ्या.

काठी, रीळ, दोरा

सहा ते साडेसहा फुटांची लाईट किंवा मीडियम-लाईट रॉड, १००० किंवा २००० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि ६ पौंडी, म्हणजे सहा पौंड ओढ सोसणारा, साधा मोनो (एकपदरी नायलॉनचा) दोरा. एवढंच. दुकानातला माणूस जाड रॉड पुढे करेल, ती घेऊ नका. १/१६ औंसाचं, म्हणजे पावणेदोन ग्रॅमचं आमिष जाड काठीने लांब जात नाही, कारण तेवढ्या वजनाने ती वाकतच नाही. हलक्या काठीला अर्ध्या किलोचा मासासुद्धा कमान करून दाखवतो. पण दोरा ६ पौंडांखाली उतरवू नका. मासा उगाच फार वेळ झुंजत राहतो आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात सोडल्यावर वाचत नाही.

ड्रॅग, म्हणजे रिळाची पकड, इतकीच आवळा की दीड पौंडाच्या आसपास ओढ बसली की दोरा सुटायला लागेल. सहा पौंडी दोऱ्याचा हा चौथा हिस्सा.

गाठ

एकच शिका: पालोमर. दोरा दुमडून दुहेरी करा आणि तो दुमडलेला फास गळाच्या डोळ्यातून ओवा. त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता राहू द्या. आता उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करा. जिभेने ओलं करा आणि हळूहळू ओढून आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने दोरा तापतो आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतो.

आमिष

डबा भरून आमिषं घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. माझ्या वापरात आता तीनच उरली आहेत. ओढ्यासाठी १/१६ औंसाचं छोटं फिरतं पातं, म्हणजे इनलाइन स्पिनर. मासे सुस्त असतील तर नेड रिग, म्हणजे अळंबीच्या टोपीसारख्या शिशाच्या डोक्यावर लावलेला पावणेतीन इंची रबरी तुकडा. आणि सगळ्यांत आधी, चार इंची मऊ रबरी गांडूळ वॅकी पद्धतीने.

वॅकी म्हणजे गांडुळाच्या बरोबर मध्यातून आडवा गळ काढायचा, वजन काही लावायचं नाही. असं गांडूळ आडवं बुडतं आणि त्याची दोन्ही टोकं थरथरतात. फेका आणि काही करू नका. नवख्याला हेच जमत नाही, हात सारखा रिळाकडे जातो. बहुतेक मासे ते बुडत असतानाच घेतात आणि हाताला काही कळत नाही. म्हणून डोळा दोऱ्यावर ठेवा. पाण्यावरचा सैल दोरा बाजूला सरकला किंवा मध्येच ताठ झाला, तर मासा आहे. तळाशी गेल्यावर काठी फूटभर उचला, पुन्हा बुडू द्या.

पाण्याजवळ जाणं

माझा पहिला उन्हाळा असा गेला: तरातरा काठावर जायचं, तळ्याच्या मध्यावर लांब फेकायचं, आणि पायाशी काहीतरी सळकन आत पळालं हे पाहून हळहळायचं. ते पळणारं म्हणजेच बास. छोट्या तळ्यात तो काठालाच असतो, कारण बेडूक, चतुर, पिल्लं, सगळं खाणं तिथेच असतं.

म्हणून दहा फूट मागे थांबा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेघ असते, तिला जमिनीचे हादरेही कळतात. बूट आपटू नका. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने या. पहिली फेक काठाला समांतर, गवताच्या कडेकडेने. मग थोडी तिरपी, आणि मध्यावरची सगळ्यांत शेवटी. तळ्यात पाणी येण्याचा पाईप, बांधाचा कोपरा, झाडाची सावली सोडू नका.

ओढ्यात प्रवाहाच्या उलट दिशेने वर चालत जा. मासे प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे असतात, तुम्ही त्यांच्या पाठीमागून येता. आमिष वर फेका आणि वाहत खाली येऊ द्या. मोठ्या दगडामागचं संथ पाणी आणि वेगवान धार यांच्या सीमेवर मासा असतो. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवेलागणीला जा, दुपारी फक्त घाम निघतो.

वसंतात उथळ पाण्यात बशीएवढी ते परातीएवढी स्वच्छ खळगी दिसली आणि वर एक मासा घिरट्या घालत असला, तर त्याला सोडून द्या. राखणदार हलला की सनफिश नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात.

लागला की

यूट्यूबवर दिसतो तसा हिसका देऊ नका, ६ पौंडी दोरा तुटेल. सैल दोरा गुंडाळा, वजन जाणवलं की काठी बाजूला लांब ओढा. मासा उडी मारायला लागला तर काठीचं टोक खाली घ्या.

हात ओला करून खालच्या ओठात अंगठा घाला. दात कानसीसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत. आडवा धरायचा तर पोटाखाली दुसरा हात द्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून ठेवला असेल, तर तो क्षणात निघतो. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरा कापा.

बाकी सांभाळायचं ते असं: फायर अँट्सच्या वारुळावर उभं राहू नका, तीन-तीन पानांच्या वेलीला, म्हणजे पॉइझन आयव्हीला, हात लावू नका, आणि वरच्या अंगाला पाऊस असेल तर ओढ्यात उतरूच नका. इथलं पाणी बघता बघता चढतं.

आई फोनवर विचारते, पकडतोस आणि सोडतोस, मग जातोस कशाला? तिला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. वस्तीतल्या तळ्यात हिरवळीवरची औषधं आणि रस्त्यावरचं पाणी येतं, तिथला मासा मी खात नाही. तळायचाच झाला तर नदीवरचे तळहाताएवढे सनफिश आणतो, हळद-तिखट लावून रव्यात घोळवतो. काटे पुष्कळ असतात, पण लहानपणी खवळे खाल्लेल्याला त्याचं काही वाटत नाही.