जीपीआयबी अडॅप्टर: कंट्रोलर मोड कधी लावायचा, डिव्हाइस मोड कधी

जीपीआयबी म्हणजे मोजमापाची उपकरणं एकमेकांना आणि संगणकाला जोडणारी बस, म्हणजे सामायिक तारांचा संच. तिचा अडॅप्टर कंट्रोलर मोडमध्ये बस चालवतो, डिव्हाइस मोडमध्ये इतर उपकरणांसारखाच एक होतो. प्रोलॉजिक्सचा यूएसबी अडॅप्टर असो की आर्डुइनो या छोट्या बोर्डावर चालणारा एआर४८८, मोड निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: एटीएन (अटेन्शन) ही लाइन कोण ओढणार, म्हणजे लो करणार? जीपीआयबीच्या १६ सिग्नल लाइनींपैकी ८ डेटाच्या, ३ हँडशेकच्या (बाइट पोचल्याची खूण देणाऱ्या) आणि ५ नियंत्रणाच्या. एटीएन या शेवटच्या पाचांतली. ती लो झाली की डेटा लाइनींवरचा बाइट कमांड मानला जातो, आणि ती लो करण्याचा अधिकार एका वेळी एकाच कंट्रोलरला असतो. 'अडॅप्टर हँग होतो' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे सापडतं: बसवर दोन कंट्रोलर तरी असतात, नाहीतर एकही नसतो.

खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये दोन अधिकचिन्हांच्या कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

संगणकावरून मीटर चालवायचा असेल तर कंट्रोलर मोड. उदाहरणाला एचपी ३४४०१ए हा डिजिटल मल्टिमीटर घेऊ. त्याचा कारखान्यातून आलेला अ‍ॅड्रेस २२ असतो. क्रम असा:

++सेव्हसीएफजी ०
++मोड १
++ऑटो ०
++अ‍ॅडर २२
++ईओआय १
++ईओएस २
++रीड_टीएमओ_एमएस ३०००
++आयएफसी
*आयडीएन?
++रीड ईओआय

यात ईओआय म्हणजे शेवटच्या बाइटसोबत ओढली जाणारी 'संपलं' सांगणारी लाइन, ईओएस २ म्हणजे कमांडच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह जोडणं, आयएफसी म्हणजे बस मोकळी करून ताबा घेणं आणि *आयडीएन? म्हणजे उपकरणाला ओळख विचारणं. पहिली कमांड प्रोलॉजिक्ससाठी आहे. ती दिली नाही तर प्रत्येक बदल ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिला जातो, आणि सतत अ‍ॅड्रेस बदलणारा प्रोग्राम ती मेमरी हळूहळू झिजवतो. एआर४८८ मध्ये हीच कमांड आकड्याशिवाय दिली की चालू सेटिंग जतन होतं, त्यामुळे एकाची स्क्रिप्ट दुसऱ्यावर डोळे मिटून चालवू नका.

++ऑटो १ मोहात पाडतं, कारण मग वेगळं ++रीड लिहावं लागत नाही. पण त्यात प्रत्येक ओळीनंतर मीटरला 'बोल' असं सांगितलं जातं. तुम्ही नुसती रेंज बदललीत तर मीटरकडे बोलायला काहीच नसतं, आणि तो -४२० ही 'क्वेरी अनटर्मिनेटेड' एरर नोंदवतो. ऑटो बंदच ठेवा. प्रश्नचिन्हाची कमांड पाठवली असेल तेव्हाच ++रीड ईओआय द्या.

टाइमआउटचा हिशेबही आधी करा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर १०० एनपीएलसी (विजेच्या १०० आवर्तनांइतका मापनकाळ) म्हणजे २ सेकंदांचं मापन; ऑटोझीरो (प्रत्येक मापनासोबत शून्य तपासणं) चालू असेल तर दुप्पट, ४ सेकंद. प्रोलॉजिक्सची मर्यादा ३००० मिलिसेकंद, त्यामुळे उत्तर येण्याआधीच वाचन संपतं. उपाय सोपा आहे: 'इनिट' पाठवा, ५ सेकंद थांबा, मग 'फेच?' पाठवून वाचा.

*आयडीएन? ही कमांड १९८७ च्या आयईईई ४८८.२ नंतरच्या उपकरणांना कळते. एचपी ३४७८ए सारख्या जुन्या मीटरने उत्तर दिलं नाही म्हणून केबल बदलत बसू नका. त्याला एफ१ (डीसी व्होल्ट) आणि टी१ (इंटर्नल ट्रिगर) पाठवून सरळ ++रीड ईओआय द्या, आकडा येईल.

आता उलटी बाजू. उपकरण स्वतःच बोलणार आणि अडॅप्टरने ऐकायचं, तेव्हा डिव्हाइस मोड. यात दोन प्रकार आहेत आणि ते मिसळले की काहीच हाती लागत नाही.

पहिला, टॉक-ओन्ली. ३४४०१ए चा अ‍ॅड्रेस आय-ओ मेनूमधून ३१ केला की तो बसवर कोणाचीही वाट न पाहता वाचनं सोडत राहतो. अडॅप्टरला ++मोड ० आणि ++एलओएन १ द्या. टर्मिनलमध्ये आकडे वाहू लागतील. काम झालं की अ‍ॅड्रेस आठवणीने २२ वर आणा. तो मीटर बंद केला तरी पुसला जात नाही, आणि पुढचा माणूस २२ वर हाका मारत बसतो.

दुसरा, उपकरणच कंट्रोलर. एचपी ८७५३ मालिकेतला नेटवर्क अ‍ॅनालायझर 'सिस्टम कंट्रोलर' केला की प्लॉट काढताना तो आधी प्लॉटरला हाक मारतो. प्लॉटरचा नेहमीचा अ‍ॅड्रेस ५, म्हणून अडॅप्टरला ++मोड ० आणि ++अ‍ॅडर ५ द्या. डिव्हाइस मोडमध्ये ++अ‍ॅडर म्हणजे अडॅप्टरचा स्वतःचा अ‍ॅड्रेस. कंट्रोलर मोडमध्ये तो समोरच्याचा असतो. हा फरक लक्षात ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो. मग अ‍ॅनालायझरवर प्लॉट दाबा आणि येणारा एचपी-जीएल (प्लॉटरच्या रेखाटन-भाषेतला) मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये घ्या. त्याच बसवर कंट्रोलर मोडमधला दुसरा अडॅप्टर ठेवू नका.

डिव्हाइस मोडमध्ये संगणकाकडून गेलेला मजकूर लगेच बसवर जात नाही. समोरचा कंट्रोलर टॉक म्हणेपर्यंत तो बफरमध्ये थांबतो. त्याचं लक्ष वेधायचं असेल तर ++स्टेटस ६४ द्या: बिट ६ चढल्यामुळे एसआरक्यू (सर्व्हिस रिक्वेस्ट) लाइन ओढली जाते आणि कंट्रोलर सीरियल पोल करू शकतो, म्हणजे एकेका उपकरणाला स्थिती विचारू शकतो.

केबलचं गणित थोडक्यात: अडॅप्टर धरून जास्तीत जास्त १५ उपकरणं, उपकरणामागे २ मीटर किंवा एकूण २० मीटर, यातलं जे कमी ते. ड्रायव्हर चिप नसलेला एआर४८८ एकदोन उपकरणांना पुरतो. मोठ्या बसवर ७५१६० आणि ७५१६१ चिप घाला, कारण मानकाला ४८ मिलिअँपिअर ओढणारा ड्रायव्हर हवा आणि आर्डुइनो उनोच्या पिनची कमाल मर्यादाच ४० आहे. असा बोर्ड बसला जोडलेला ठेवून त्याची यूएसबी काढू नका. बंद चिपच्या पिन लाइनी खाली ओढतात आणि बाकीची उपकरणंही अडकतात.