श्रवणयंत्र घेण्याआधी: कानाची तपासणी कशी करावी आणि ऑडिओग्राम कसा वाचावा

घरात कोणाला कमी ऐकू येऊ लागले की चर्चा बहुधा थेट श्रवणयंत्राच्या किमतीपासून सुरू होते. वास्तविक त्याआधी दोष कानाच्या कोणत्या भागात आहे, हे कळायला हवे. बाहेरच्या कानात साठलेला मळ, पडद्याला पडलेले छिद्र, पडद्यामागे साचलेले पाणी आणि आतल्या कानातील पेशींची झीज या चारही कारणांनी ऐकणे मंदावते, पण त्यांच्यावरील उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची क्षमता मोजणारी चाचणी, करून घ्यावी.

एका परिस्थितीत मात्र एक दिवसही थांबू नये. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे ऐकणे एकाएकी घटले, तर सर्दीने कान बसला असेल असे मानून वाट पाहणे धोक्याचे ठरते. आतल्या कानाच्या किंवा ऐकण्याच्या नसेच्या अशा अचानक बहिरेपणात स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होईल तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.

डॉक्टर प्रथम माहिती विचारतात, तिची उत्तरे घरूनच तयार ठेवावीत: त्रास एका कानाला आहे की दोन्ही, तो हळूहळू वाढला की एकदम, कान वाहतो का, कानात सतत आवाज येतो का, चक्कर येते का, गोंगाटाच्या ठिकाणी काम केले आहे का. जेंटामायसिन (प्रतिजैविक) किंवा सिस्प्लॅटिन (कर्करोगावरील औषध) यांसारखी औषधे घेतली असल्यास तेही आवर्जून सांगावे, कारण ती आतल्या कानाला इजा करू शकतात. त्यानंतर कानात डोकावून मळ आणि पडदा पाहिला जातो. मळ असल्यास तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. कापसाच्या काडीने तो बहुधा आणखी आत ढकलला जातो.

ऑडिओमेट्री आवाजबंद खोलीत होते. आदल्या दिवशी मोठा गोंगाट टाळावा, कारण त्याने ऐकणे तात्पुरते मंदावते आणि अहवाल चुकतो. हेडफोनमधून एका वेळी एकाच कानात सूर ऐकवतात. सुरुवात बहुधा १००० हर्ट्झपासून (हर्ट्झ हे सुराच्या उंचीचे एकक) होते. सूर ऐकू आला की तो १० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक) कमी करतात, ऐकू येईनासा झाला की ५ डेसिबलने वाढवतात, आणि असे करत ऐकू येणारी सर्वांत खालची पातळी शोधतात. सूर अगदी पुसट वाटला तरी बटण दाबावे. तपासणाऱ्याच्या हाताकडे पाहून अंदाज करू नये. मग कानामागच्या हाडावर एक लहान कंपक बसवून हीच चाचणी पुन्हा घेतात. या वेळी दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा खरखर आवाज सोडला जातो आणि अनेकांना वाटते की यंत्रच बिघडले. तो आवाज मुद्दाम असतो: चांगल्या कानाने दुर्बल कानाच्या वतीने उत्तर देऊ नये, यासाठी.

आता अहवाल, म्हणजेच ऑडिओग्राम, वाचू या. आलेखावर डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ; वरून खाली डेसिबल वाढतात. म्हणजे रेषा जितकी खाली, तितके ऐकणे कमी. लाल वर्तुळे उजव्या कानाची, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. हवेतून आणि हाडातून मिळालेल्या रेषांची तुलना सर्वांत महत्त्वाची आहे. हाडाची रेषा चांगली आणि हवेची बरीच खाली असेल, तर आतला कान शाबूत असून आवाज तिथवर पोहोचण्यात अडथळा आहे. दोन्ही रेषा एकत्रच खाली उतरल्या असतील, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. उजवीकडे उतरत जाणारी रेषा वयोमानानुसार होणाऱ्या झिजेत दिसते, तर ४००० हर्ट्झजवळचा खड्डा गोंगाटाकडे बोट दाखवतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण याच उंच सुरांच्या पट्टीत येतात. त्यामुळे अशा व्यक्तीला ‘सात’ आणि ‘हात’ यांत गोंधळ होतो, आणि बोललेले ऐकू येते पण कळत नाही अशी तक्रार ती करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २० डेसिबलपेक्षा कमी पातळी सामान्य, २० ते ३५ सौम्य आणि ३५ ते ५० मध्यम दोष मानला जातो. ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपणा, हा समज चुकीचा आहे.

पडद्याची हालचाल टिंपॅनोमेट्रीने तपासतात. तिची रेषा सपाट आली तर पडद्यामागे पाणी किंवा पडद्याला छिद्र असण्याची शक्यता असते. दोन कानांत मोठी तफावत आढळली, तर नसेवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला जातो. बटण दाबू न शकणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी) आणि बेरा (ऐकण्याच्या नसेतले व मेंदूतले संकेत मोजणारी) या चाचण्या आहेत. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांची सुरुवात, असे वेळापत्रक तज्ज्ञ पाळायला सांगतात, कारण भाषा याच काळात रुजू लागते.

आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचण्यातल्या, म्हणजे वहनातल्या, दोषावर अनेकदा थेट इलाज होतो: संसर्गावर औषधे, साचलेल्या पाण्यासाठी पडद्यात बसवलेली बारीक नळी, छिद्रासाठी पडद्याची शस्त्रक्रिया, आणि मधल्या कानातले रिकिबीचे हाड घट्ट झाले असेल तर त्याजागी कृत्रिम भाग. आतल्या कानातील पेशी मात्र मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तेथे श्रवणयंत्र, आणि त्यानेही शब्द पुरेसे कळत नसतील तर कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले, ऐकण्याच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारे उपकरण), हे मार्ग उरतात. यंत्र तुमच्या ऑडिओग्रामनुसारच बसवून घ्यावे आणि कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजून देण्याचा आग्रह धरावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा, कागदाचा आवाजही कर्कश वाटतो. यंत्र खणात टाकण्याऐवजी रोज थोडा वेळ वाढवत वापरावे, कोणत्या जागी काय खटकले ते लिहून ठेवावे आणि ती नोंद घेऊन सेटिंग बदलण्यासाठी पुन्हा जावे.